‘थोडं मवाळ घ्या, मॅडम’

पत्र

ताई,

मी 44 वर्षांची आहे. औषधं आणि लशी थंड ठेवून नेण्याच्या पेट्या बनवणारी कंपनी मी आणि माझ्या भागीदाराने 11 वर्षांपूर्वी सुरू केली. आज आम्ही साठ जण आहोत. आमची पेटी विजेशिवाय पाच दिवस आतलं तापमान 2 ते 8 अंशांत ठेवते. मला दहा दिवस हवेत, आणि ते जमणार हे मला दिसतंय. गेल्या महिन्यात 300 पेट्यांचा तयार माल मी दारातून परत फिरवला. नमुना म्हणून तपासलेल्या चारपैकी एका पेटीत पाचव्या दिवशी तापमान 9 अंशांवर गेलं होतं, झाकणाचं रबर नीट बसत नव्हतं. ग्राहकाला माल आठ दिवस उशिरा मिळाला आणि सगळे माझ्यावर नाराज झाले.

पुढच्याच आठवड्यात एका मीटिंगमध्ये एका मुलाचा लॅपटॉप भिंतीवर लावला होता. स्लाइड चालू असताना कोपऱ्यात त्याच्या मित्राचा मेसेज उगवला : ‘वादळाचा इशारा आहे का आज? मॅडमचा मूड?’ खोलीत आम्ही चौदा जण होतो. कोणीही हसलं नाही, हसले असते तर बरं झालं असतं. माझा भागीदार माझ्याइतकाच हट्टी आहे, पण त्याच्याबद्दल ‘सर फार पुढचा विचार करतात’ असं बोलतात. संचालक मंडळातले एक ज्येष्ठ म्हणाले, ‘तुमच्या हुशारीबद्दल शंका नाही, पण थोडं मवाळ घ्या.’ बहीण म्हणते, ‘आता आणखी किती?’

माझी एक चूकही सांगते. माल परत फिरवला त्या रात्री पावणेबाराला मी सगळ्यांच्या ग्रुपवर तपासणी-प्रमुखाचं नाव घेऊन लिहिलं, ‘एवढं साधं कळत नसेल तर उद्यापासून येऊ नका.’

मी बदलू, की कान बंद करून पुढे जाऊ? आणि एक सांगायचं राहिलं. मला खरंच मोठं व्हायचंय. हे लिहितानाही लाज वाटते.

— एक उद्योजिका

उत्तर

प्रिय मैत्रिणी,

पत्र पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी तुमच्या बाजूची होते. दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा त्या तपासणी-प्रमुखाच्या. मग पेन घेऊन बसले आणि तुमच्याबद्दल इतरांनी जे काही म्हटलंय त्याखाली रेघा मारल्या. वादळ. मूड. मवाळ नाही. आणखी किती. अकरा वर्षं कंपनी चालवणाऱ्या बाईबद्दलच्या या यादीत तिने अमुक केलं, असं सांगणारं एकही वाक्य नाही. ते एकच वाक्य पत्रात आहे, आणि तेही तुम्हीच लिहिलंय : रात्री पावणेबाराचा मेसेज.

शाळेतलं व्याकरण इथे कामाला येतं. लोक आपल्याबद्दल बोलतात ते कधी विशेषणांत, कधी क्रियापदांत. ‘मॅडम कडक आहेत’ हे विशेषण झालं, त्याला उत्तर नसतं. कडक नसल्याचा पुरावा तुम्ही देणार कुठून? रोज हसून? ‘मॅडमनी सगळ्यांसमोर माझं नाव घेऊन कामावरून काढायची धमकी दिली’ हे क्रियापद. ते खरं की खोटं ते तपासता येतं, त्याबद्दल माफी मागता येते, पुन्हा तसं न करता येतं. बदलू का, असं तुम्ही विचारलंत. क्रियापदं बदला. विशेषणांच्या मागे लागलात तर आयुष्य पुरणार नाही.

हे मी कोरड्या अंगाने सांगत नाहीये. नोकरीच्या पहिल्या वर्षांत माझ्या वरिष्ठ एक बाई होत्या. त्यांनी माझा एक लेख तीनदा परत पाठवला. तिसऱ्यांदा समासात हिरव्या पेनने इतकंच लिहिलं होतं : ‘हा आकडा कुठून आला?’ आम्ही चहाच्या वेळी त्यांना खडूस म्हणायचो. त्यात मी पुढे असायचे, मला त्यांची नक्कलही छान जमायची. त्यांच्या आधीचे वरिष्ठ मात्र मजकूर आवडला नाही की कागद चुरगाळून टोपलीत फेकायचे, आणि त्या गोष्टी आम्ही नव्या मुलांना कौतुकाने सांगायचो. ‘सरांचा दरारा होता!’ दरारा आणि खडूसपणा यांत नेमका फरक काय, हे मला कोणी विचारलं नाही, मीही स्वतःला विचारलं नाही. बाईंनी माझा एकही कागद कधी फेकला नव्हता. आणि तो आकडा चुकलेलाच होता.

आपल्या भाषेचाही यात हात आहे. पुरुष करारी असतो, बाई कजाग. तो सडेतोड, ती फटकळ. तो ध्येयवेडा, तिला घराचं भान नाही. ‘महत्त्वाकांक्षी’ हा शब्द तर मला फार गमतीचा वाटतो. पुरुषाची ओळख करून देताना तो सरळ म्हटला जातो. बाईबद्दल म्हणताना आधी किंचित थांबतात, आणि नंतर बहुतेक वेळा ‘पण’ येतो. ‘कर्तबगार’ हा आपल्याकडे बाईला मिळणारा मोठा शब्द, पण तो सगळं पार पडल्यावर मिळतो. चालू कामात कर्तबगार म्हटलेली बाई मी फारशी पाहिलेली नाही. काम चालू असतं तेव्हा ती आगाऊच असते.

आता एक खरी गोष्ट सांगते. जरा लांब आहे, पण तुमच्या पत्राशी तिचं थेट नातं आहे. अमेरिकेत अ‍ॅन हॉपकिन्स नावाची बाई प्राइस वॉटरहाऊस या हिशेबतपासनीस आणि सल्लागार कंपनीत काम करायची. 1982 साली भागीदारीसाठी 88 नावं पुढे आली. त्यांत बाई एकच, ती. कंपनीच्या 662 भागीदारांपैकी स्त्रिया होत्या 7. हॉपकिन्सने अमेरिकी परराष्ट्र खात्याचं सुमारे अडीच कोटी डॉलरचं काम कंपनीला मिळवून देण्यात मोठा वाटा उचलला होता आणि तिच्यावर ग्राहक खूश होते. तरी तिचं नाव लांबणीवर पडलं. भागीदारांनी लेखी दिलेल्या मतांत ती पुरुषी आहे, तिला बाईसारखं वागायचं शिकवणाऱ्या वर्गात घालायला हवं, अशा ओळी होत्या. तिच्या बाजूने असलेल्या एका भागीदाराने तर हितचिंतक म्हणून समजावलं : चालणं-बोलणं जरा बायकी ठेव, मेकअप कर, केस नीट करून घे, दागिने घाल. या हितचिंतकांचं काय करावं, हे मला अजून कळलेलं नाही.

ती न्यायालयात गेली. 1989 साली सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की बाईने कसं वागावं याच्या ठरीव कल्पनेवरून तिची पदोन्नती अडवणं हाही लिंगभेदच आहे. पुढे कनिष्ठ न्यायालयाने तिला भागीदार करून घ्यायचा आदेश दिला आणि 1991 साली ती त्याच कंपनीत भागीदार म्हणून परतली.

ही गोष्ट सांगणारे बहुतेक जण इथेच थांबतात. पण निकालपत्रात आणखी एक गोष्ट नोंदलेली आहे. हाताखालच्या लोकांशी हॉपकिन्स फार कठोर वागायची, त्यांच्यावर उगाच तुटून पडायची. हे तिच्या विरोधकांनीच लिहिलं होतं असं नाही, तिच्या समर्थकांनीही लिहिलं होतं. म्हणजे एकाच फाइलमध्ये पूर्वग्रहही होता आणि खरी तक्रारही होती. न्यायालयाला बसून ती गुंतवळ सोडवावी लागली. तुमच्या फाइलमध्येही दोन्ही आहेत, असं मला वाटतं. पूर्वग्रह आहे म्हणून तक्रार खोटी ठरत नाही, आणि एक तक्रार खरी निघाली म्हणून पूर्वग्रह नाहीसा होत नाही.

विशेषणांचा हा खेळ मोजूनही पाहिलेला आहे. किरन स्नायडर या भाषाशास्त्र शिकलेल्या बाईंनी 2014 साली तंत्रज्ञान क्षेत्रातल्या 28 कंपन्यांमधल्या लोकांकडून त्यांच्या कामाचे वार्षिक अहवाल मागवले. लोकांनी स्वतःहून दिलेले असे 248 अहवाल जमले. काही ना काही टीका असलेले पुरुषांचे अहवाल 83 होते, त्यांतल्या 2 अहवालांत स्वभावावर टीका होती. बायकांच्या 94 पैकी 71 अहवालांत ती होती. अहवाल लिहिणारा साहेब पुरुष असो की बाई, चित्र तेच. हे शेवटचं वाक्य वाचून मला माझा चहाचा अड्डा आठवला.

म्हणून आता कामाचं बोलू.

पहिलं, तो मेसेज. माफी मागायलाच हवी, आणि अपमान ज्या ग्रुपवर केलात तिथेच मागा. खोलीत बोलावून हळूच ‘सॉरी हं’ म्हणू नका. जे साठ जणांसमोर बोललात ते साठ जणांसमोरच मागे घ्यायचं. दोन ओळी पुरेत : ‘त्या रात्री मी नाव घेऊन जे लिहिलं ते चुकीचं होतं. मी माफी मागते.’ त्यानंतर ‘पण’ लिहू नका. रबर, तापमान, ग्राहक, यांतलं काहीही त्या मेसेजात नको. आणि रात्री सुचलेलं सकाळी पाठवायची सवय लावून घ्या. पावणेबाराला माणूस जे लिहितो त्यात निम्मा थकवा असतो.

आता 300 पेट्या. त्याबद्दल एका अक्षराची माफी मागू नका. पेटीवर पाच दिवस लिहिलंय आणि पाचव्या दिवशी आत 9 अंश आहेत, तर ती पेटी खोटं बोलते आहे. चारांत एक नमुना बिघडला तर उरलेल्या 296 पेट्यांबद्दल कोणी कशाच्या जोरावर बोलणार होतं? उष्णतेने लशीची ताकद कमी होते आणि ती पुन्हा थंड केली तरी परत येत नाही. शिवाय बाटलीकडे नुसतं बघून ते कळत नाही. ती टोचून घेणाऱ्याला तर कधीच कळणार नाही. माल परत फिरवणं हे तुमचं कामच होतं. तुमच्या भागीदाराने तो फिरवला असता तर त्याची गोष्ट झाली असती, नव्या मुलांना सांगायची.

भागीदाराचा विषय निघालाच आहे, तर मला एक शंका आहे. तुमच्याकडे ‘नाही’ कोण म्हणतं? पत्रात तुम्ही लिहिलेलं नाही, पण पगारवाढ जाहीर करायला, नवा ग्राहक मिळाल्याचं सांगायला, पाठ थोपटायला कोण उभं राहतं, आणि सुट्टी नाकारायला, खर्च कापायला, माल परत फिरवायला कोण जातं, हे एकदा कॅलेंडर काढून बघा. दोघांच्या धंद्यात ही वाटणी कोणी ठरवत नाही. एकाला लोकांत मिसळायला आवडतं, दुसऱ्याला तपशिलात, आणि बघता बघता सगळे नकार एकाच तोंडातून यायला लागतात. मग ते तोंड कितीही गोड असो. सहा महिने उलटं करून बघा. वाईट बातमी त्याने सांगायची, चांगली तुम्ही. त्याने का-कू केलं तर त्याला हे पत्र दाखवा.

मग ते ज्येष्ठ संचालक. तुमचं भलं चिंतत असतील, मी नाही म्हणत नाही. पुढच्या वेळी त्यांनी ‘मवाळ’ म्हटलं की वही उघडा आणि शांतपणे विचारा : ‘कोणत्या दिवशी, कोणाशी, मी काय केलं?’ टोमण्याच्या सुरात नको, खरंच लिहून घेण्यासाठी विचारा. त्यांनी तो मेसेज सांगितला तर म्हणा, बरोबर आहे, मी माफी मागितली. त्यांनी 300 पेट्या सांगितल्या तर नोंदी त्यांच्यासमोर ठेवा. आणि ‘तसं काही नेमकं नाही, एकूण एक वातावरण...’ असं काही म्हणाले, तर वही मिटा आणि पुढचा विषय घ्या. वातावरणावर ठराव होत नाहीत.

दहा दिवस टिकणाऱ्या पेटीसाठी तुम्हाला पैसा उभा करावा लागणार, तेव्हा हेही ध्यानात ठेवा. डाना कान्झे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नव्या कंपन्यांच्या एका मोठ्या स्पर्धेतली गुंतवणूकदारांशी झालेली प्रश्नोत्तरं तपासली, त्याचा अभ्यास 2018 साली प्रसिद्ध झाला. पुरुष संस्थापकांना विचारलेले सुमारे दोन तृतीयांश प्रश्न वाढीबद्दल होते : किती मोठं होणार, कुठवर जाणार. स्त्रियांना विचारलेले साधारण तितकेच प्रश्न बुडण्याबद्दल होते : ग्राहक टिकणार का, तोटा कधी थांबणार. ज्यांना वाढीचे प्रश्न आले त्यांनी पुढे कितीतरी जास्त पैसा उभा केला. यातलं उपयोगी ते असं की सावरण्याच्या प्रश्नाला ज्यांनी वाढीचं उत्तर दिलं त्यांचा निधी इतरांपेक्षा जास्त होता. ‘पाच दिवसांचे ग्राहक सोडून गेले तर?’ असं कोणी विचारलं की एका वाक्यात उत्तर द्या आणि लगेच दहा दिवसांवर या : कुठे कुठे ही पेटी पोचेल, जिथे आज कोणतीच पोचत नाही. प्रश्न बचावाचा आला म्हणून उत्तरही बचावाचंच द्यायचं, अशी सक्ती नाही.

इथवर मी तुम्हाला चिकटलेल्या वाईट विशेषणांबद्दल बोलले. पण तुमच्या पत्रात एक चांगलं विशेषणही लपलंय, आणि मला त्याची जास्त काळजी वाटते. भागीदाराला ‘पुढचा विचार करणारा’ म्हणतात, मला नाही, ही तुमची खंत. म्हणजे तुम्हाला ते हवंय. कोणाला नको असतं? पण ‘दूरदर्शी’ हेही विशेषणच. एलिझाबेथ होम्सला ते भरभरून मिळालं होतं. तिने 19व्या वर्षी थेरानोस काढली, रक्ताच्या थेंबभर नमुन्यावर ढीगभर तपासण्या करायचं स्वप्न विकलं, आणि कंपनीचं मूल्य सुमारे 9 अब्ज डॉलरपर्यंत गेलं. यंत्र तसं चालत नव्हतं. तिची जिद्द, तिची हटवादी निष्ठा यांचे गोडवे गायले जात असताना आतल्या ज्या लोकांनी यंत्राबद्दल शंका काढल्या, त्यांना गप्प करण्यात आलं. 2022 साली गुंतवणूकदारांच्या फसवणुकीबद्दल ती दोषी ठरली आणि तिला 11 वर्षांहून अधिक कैद झाली. तिचं प्रकरण पुढे करून इतर उद्योजिकांकडे संशयाने बघणारे लोक भेटतात, तुम्हालाही भेटले असतील. त्यांना तुमच्या 300 पेट्या दाखवायला हव्यात. होम्सने मोजमाप झाकलं आणि तुम्ही ते उघडं केलंत.

दुसरीकडे फ्रान्समधली बार्ब-निकोल क्लिको. 1805 साली 27व्या वर्षी नवरा गेला, आणि तिने त्याचा वाइनचा धंदा हातात घेतला. 1814 साली युद्धाने बंद पडलेला रशियाचा व्यापार खुला व्हायच्या बेतात असताना, रीतसर परवानगीची वाट न बघता, तिने दहा हजारांवर बाटल्या जहाजातून रवाना केल्या. प्रतिस्पर्धी जागे होईपर्यंत तिची शॅम्पेन तिथे पोचली होती. आज तिला दूरदर्शी म्हणतात. जहाज अडवलं गेलं असतं तर हेच धाडस विधवेचा आततायीपणा म्हणून सांगितलं गेलं असतं. निर्णय तोच, बाई तीच. म्हणून म्हणते, दूरदर्शी म्हणवून घ्यायच्या नादाला लागू नका. ते देणाऱ्यांच्या हातात असतं. पेटी दहा दिवस टिकवणं तुमच्या हातात आहे.

राहिली ती लाज. तुम्ही सगळं पत्र सरळ लिहिलंत आणि मोठं व्हायचंय हे मात्र शेवटी, पावतीच्या मागे टीप लिहावी तसं. बहिणीने ‘आणखी किती?’ विचारल्यावर तुम्ही काय म्हणता? माझा अंदाज आहे की तुम्ही कारणं देता : साठ घरं चालतात, लोकांना औषधं मिळतात. ही सगळी कारणं खरी आहेत. पण मोठं व्हायची इच्छा त्यांच्या आड लपवली की ती कधीतरी चिडून बाहेर येते, पावणेबाराला, दुसऱ्या कुणाच्या नावाने. एकदा बहिणीला सरळ सांगून बघा : ‘मला आवडतं म्हणून.’ ती दोन मिनिटं गप्प बसेल. कदाचित तिला विचारायचं वेगळंच असेल, तू मला कधी भेटणार, असं काहीतरी. ते मात्र क्रियापद आहे. त्याला तारीख द्या.

आणि तो लॅपटॉपवाला मुलगा. मेसेज त्याने लिहिलाही नव्हता, त्याला फक्त आला होता. तरी तेव्हापासून त्याचा जीव टांगणीला असणार. त्याला उद्याच बोलवा, पण त्या मेसेजबद्दल काहीही बोलू नका. त्याचं काम काढा. त्या दिवशी अर्ध्यावर राहिलेली स्लाइड कसली होती ते विचारा आणि ती पुढे दाखवायला सांगा. तुम्ही कशा आहात याची चर्चा त्याच्या मित्रांत होत राहील, माझ्या चहाच्या अड्ड्यावर झाली तशीच. त्या बाईंना मी पुढे बऱ्याच वर्षांनी भेटले, तेव्हा नकलेबद्दल कबुली द्यायचं मनात होतं. त्याआधीच त्या म्हणाल्या, ‘माझी नक्कल चांगली करायचीस म्हणे. आकडे तपासतेस ना आता?’

नवं रबर लावलेल्या पेटीचं पाचव्या दिवशी तापमान किती आलं, ते तेवढं कळवा. आणि तशीच बंद ठेवली असेल तर सहाव्या दिवशीचंही.

तुमची,
ताई